वाचक विचारतात : मुलांच्या फोनवरची बंधने काढताना

मुलाच्या हाती फोन द्यावा की नाही, हा प्रश्न आमच्याकडे येणाऱ्या पत्रांतून जवळजवळ नाहीसा झाला असून त्याची जागा दुसऱ्याच प्रश्नाने घेतली आहे : लहानपणी घातलेली बंधने आता कधी आणि कशी काढायची? बंधने घालताना ती घालणारी अ‍ॅप पालकांना प्रत्येक टप्पा समजावून सांगतात. काढताना मात्र बरेचसे पालकांनाच शोधत बसावे लागते. या अंकात याच विषयावरची पाच पत्रे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण बाकीच्यांच्या उपयोगाचे पुष्कळसे त्यातच येते.

प्रश्न : माझा मुलगा १६ वर्षांचा आहे. तो ११ वर्षांचा असताना आम्ही त्याच्या अँड्रॉइड फोनवर गूगलचे फॅमिली लिंक सुरू केले. रात्री नऊला फोन बंद होतो, कोणतेही नवे अ‍ॅप घ्यायचे तर आमची परवानगी लागते आणि तो कुठे आहे ते आम्हाला कायम दिसते. त्याच्या वर्गाच्या गटात रात्री साडेनऊला कोणी काही कळवले, तर ते त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी समजते. आता तो म्हणतो, हे सगळे काढा. माझे पती म्हणतात, १८ पूर्ण होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. मला दोघांचेही पटते, आणि म्हणूनच निर्णय होत नाही. — एक आई

उत्तर : आपल्या पतींना वाटणारी काळजी रास्त आहे, पण त्यांनी धरलेली मुदत गैरसोयीची आहे. १८ वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी सगळी बंधने एकदम उठवली, तर रात्री फोन बाजूला ठेवणे, अनोळखी माणसाचा निरोप आल्यावर काय करायचे ते ठरवणे, खेळात पुढे जाण्यासाठी पैसे मागणाऱ्या अ‍ॅपला नाही म्हणणे, हे सारे त्याला शिक्षणासाठी किंवा कामासाठी घर सोडण्याच्या सुमारास आणि बहुधा एकट्यानेच शिकावे लागेल. तेच आज सुरू केले, तर चूक होईल तेव्हा आपण दोघे शेजारच्या खोलीत असाल. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराने पाचव्या कलमात पालकांचा मार्गदर्शनाचा अधिकार मान्य केला आहे, मात्र ते मार्गदर्शन मुलाच्या वाढत्या क्षमतेला धरून असावे, असेही तिथेच म्हटले आहे. आणि बालहक्क समितीने २०२१ मध्ये डिजिटल जगाविषयी प्रसिद्ध केलेल्या सर्वसाधारण भाष्यात, म्हणजे क्रमांक २५ च्या भाष्यात, हाच विचार मुलांच्या खासगीपणाच्या संदर्भात पुढे नेला आहे. ११ व्या वर्षी योग्य असलेली सेटिंग १६ व्या वर्षीही तशीच चालू असते, त्यामागे अनेकदा विचारपूर्वक घेतलेला निर्णय नसतोच. मधल्या काळात ती कोणी उघडून पाहिलेली नसते, एवढेच.

आपला मुलगा 'सगळे काढा' म्हणतो आणि आपले पती 'काहीच काढायचे नाही' म्हणतात, तेव्हा दोघेही या नियंत्रणांना एकच वस्तू समजत आहेत. प्रत्यक्षात त्यात पाळत, वेळेची मर्यादा, मजकुराची गाळणी आणि खरेदीवरचा चाप अशा वेगवेगळ्या गोष्टी एकत्र आलेल्या असतात आणि त्या एकाच दिवशी काढाव्यात असे मुळीच नाही. माझे मत असे की पाळत सर्वांत आधी काढावी आणि पैशांवरचा चाप सर्वांत शेवटी. पुष्कळ पालक याच्या नेमके उलट करतात. ते मुलाला कार्डाचा क्रमांक बिनदिक्कत देऊन टाकतात आणि त्याचे ठिकाण मात्र नकाशावर तासातासाला पाहत राहतात.

पाळत आधी का, ते सांगतो. फॅमिली लिंक मुलाचे निरोप वाचून दाखवत नाही की त्याचे बोलणे ऐकवत नाही. पण कोणते अ‍ॅप त्याने किती वेळ वापरले आणि फोन कुठे आहे, हे ते दाखवते. १६ वर्षांच्या मुलाला हे सतत दिसत असल्याची जाणीव असते. मग तो फोन मित्राच्या घरी ठेवून बाहेर पडतो, किंवा मित्राचा जुना फोन वापरू लागतो, आणि आपल्याला दिसणारी माहिती त्याच्याविषयीची न राहता केवळ एका उपकरणाविषयीची उरते. रात्री उशीर झाल्यास तो कुठे आहे हे कळणे आपल्याला गरजेचे वाटत असेल, तर त्यासाठी नकाशाच्या अ‍ॅपमधून परस्परांना ठिकाण दाखवण्याची सोय आहे. त्यात आपलेही ठिकाण त्याला दिसते आणि हवे तेव्हा ते बंद करणे त्याच्या हाती राहते. त्याने ते बंद केले तर त्याविषयी बोलता येते. फॅमिली लिंकमध्ये बोलण्याचा प्रश्नच येत नाही.

वेळेची मर्यादा टप्प्याटप्प्याने सैल करावी. नऊची वेळ आधी साडेदहा करावी, मग शनिवार-रविवारी मर्यादा पूर्ण काढावी, आणि महिन्याभराने ती कायमची उठवून त्याऐवजी फोन रात्री झोपण्याच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावायचा, असा साधा नियम करावा. हा नियम घरातल्या सर्वांना लागू हवा. आई-वडील उशाशी फोन घेऊन झोपत असतील, तर त्या नियमाचा आठवड्याभरातच फज्जा उडतो.

मजकुराच्या गाळणीबद्दल पालकांना फार विश्वास वाटतो, पण या वयात ती मदतीपेक्षा अडथळाच जास्त करते. शाळेच्या प्रकल्पासाठी स्तनांच्या कर्करोगाची माहिती शोधणाऱ्या मुलीला कोरे पान दिसते आणि वर 'हे संकेतस्थळ पाहण्यासाठी पालकांची परवानगी घ्या' अशी सूचना येते. ती परवानगी मागत नाही, विषय बदलते. शिवाय पर्यवेक्षण, म्हणजे फॅमिली लिंकची ही सगळी देखरेख, थांबवले म्हणजे सगळे कुंपण नाहीसे होते असेही नाही. खात्यात खरी जन्मतारीख असेल, तर १८ वर्षांखालील वापरकर्त्यांसाठी गूगल शोधातले अश्लील निकाल गाळणारी सेटिंग आपोआप चालू ठेवते. १३ ते १७ वयाच्या मुलांना यूट्यूब विश्रांतीची आणि झोपेची आठवण करून देते. आणि इन्स्टाग्रामने २०२४ पासून किशोरांसाठी जी वेगळी खाती सुरू केली आहेत, त्यांत १६ वर्षांखालील मुलांना सेटिंग सैल करण्यासाठी पालकांची संमती लागते. म्हणून मुलाच्या खात्यावरची जन्मतारीख खरी आहे ना, एवढे मात्र जरूर पाहावे. खाते उघडताना अनेक घरांत घाईने वय वाढवून लिहिलेले असते आणि त्यामुळे यांतले काहीच लागू होत नाही.

खरेदीची मंजुरी शेवटपर्यंत ठेवावी, असे मी म्हणतो, कारण इथली चूक बोलून मिटत नाही. मात्र तिची मर्यादाही लक्षात घ्यावी : गूगल प्लेच्या स्वतःच्या व्यवस्थेतून होणाऱ्या खरेदीलाच ही मंजुरी लागते, ब्राउझरमध्ये जाऊन कार्डाचा क्रमांक टाकला, तर तिला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता प्रत्यक्ष कृतीविषयी. आपल्या फोनवरच्या फॅमिली लिंकमध्ये मुलाचे नाव निवडून नियंत्रणांच्या पानावर गेले, की खात्याच्या सेटिंगमध्ये पर्यवेक्षणाचा विभाग सापडतो आणि तिथेच ते थांबवण्याचा पर्याय असतो. आवृत्ती बदलली की त्याची जागा थोडी इकडेतिकडे होते. पुढे येणाऱ्या सूचना वाचून मगच पुष्टी करावी. गूगल खात्यासाठी ठरलेले किमान वय, म्हणजे बहुतेक देशांत १३ आणि काही देशांत त्याहून अधिक, पूर्ण झाले असेल तरच खाते तसेच ठेवून पर्यवेक्षण काढता येते. आपल्या मुलाबाबत ती अडचण नाही. पण त्या पर्यायापर्यंत पोचण्याआधी वर सांगितलेल्या मर्यादा एकेक करून सैल कराव्यात आणि अखेरचे बटण त्याला शेजारी बसवून दाबावे. त्याच बैठकीत कुटुंब गटाचे, म्हणजे घरातल्यांची गूगल खाती जोडणाऱ्या गटाचे, सेटिंगही पाहून घ्यावे, कारण खरेदीची मंजुरी त्या गटाशी जोडलेली असते.

एका परिस्थितीत मात्र मी थांबायला सांगेन. मुलाला सध्या कोणी छायाचित्रांवरून धमकावत असेल, त्याच्याकडून पैसे उकळत असेल, किंवा तो स्वतःला इजा करण्याच्या विचारांत असल्याची शंका असेल, तर बंधने काढण्याचा विषय काही काळ बाजूला ठेवून आधी योग्य मदत मिळवावी. तसे असले तरी का थांबलो आणि पुन्हा कधी बोलू, हे त्याला सांगितलेच पाहिजे.

प्रश्न : मुलगी १५ वर्षांची झाल्यावर मी माझ्या फोनवरून फॅमिली लिंक काढून टाकले. तरी तिचा फोन रात्री बंद होतोच, आणि आता तो उघडायलाही मला काही मार्ग दिसत नाही. — एक वडील

उत्तर : पालकाच्या फोनवरचे अ‍ॅप ही फक्त किल्ली असते, बंधने मुलीच्या खात्याला जोडलेली असतात आणि अ‍ॅप पुसल्याने ती जात नाहीत. आपण तेच अ‍ॅप पुन्हा घ्यावे, ज्या खात्याने पूर्वी पर्यवेक्षण सुरू केले होते त्याच खात्याने आत जावे आणि वरच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे पर्यवेक्षण थांबवावे. फोन आत्ता बंद असेल आणि तिच्याकडे इंटरनेट नसेल, तर पालकाच्या अ‍ॅपमध्ये मिळणारा तात्पुरता प्रवेश संकेतांक तिच्या फोनवर टाकून तो उघडता येतो. फोन मूळ अवस्थेत नेण्याच्या, म्हणजे फॅक्टरी रीसेटच्या, फंदात पडू नये : त्यात तिची छायाचित्रे आणि टिपणे जातात, आणि नव्याने सुरू होताना फोन पूर्वीच्याच खात्याची ओळख मागून अडून बसतो.

प्रश्न : मी १७ वर्षांचा आहे. आईबाबांनी माझ्या फोनवर बंधने घातली आहेत. मी मागितले तर ते नाहीच म्हणणार. त्यांना न कळता ती काढण्याचा मार्ग सांगाल का? — एक वाचक

उत्तर : तो मार्ग मी सांगणार नाही, आणि त्यामागे केवळ उपदेशाचा हेतू नाही. गूगलचे पर्यवेक्षण मुलाने थांबवायला घेतले तर ती गोष्ट पालकांपर्यंत पोचतेच. अ‍ॅपलच्या कुटुंब गटात १३ वर्षांनंतर स्वतःहून बाहेर पडता येते खरे, पण स्क्रीन टाइम, म्हणजे आयफोनवरची वापराची नियंत्रणे, चालू असेल तर गट चालवणाऱ्यालाच तुला बाहेर काढावे लागते. इंटरनेटवर 'एका मिनिटात नियंत्रण काढा' म्हणून जी साधने मिळतात, त्यांपैकी बरीच तुझा पासवर्ड मिळवण्यासाठीच केलेली असतात किंवा फोनवरचे सर्व काही पुसून टाकतात. आणि पकडला गेलास की पुढची दोन वर्षे तुझ्या कोणत्याही मागणीला तेच उत्तर मिळेल.

'सगळे काढा' असे मागितलेस तर नकार येणार, हा तुझा अंदाज बरोबर असावा. म्हणून एकच गोष्ट माग, आणि ती सर्वांत जाचणारी असू दे. अमुक अ‍ॅपची मर्यादा अभ्यासाच्या आड येते, गेल्या आठवड्यात दोनदा असे झाले, ती महिनाभर काढून पाहू या, आणि त्या महिन्यात मी रात्री अकरानंतर फोन वापरताना दिसलो तर परत लावा, असे लिहून दे. मागणीत मुदत आणि मागे घेण्याची अट असली, की पालकांना हो म्हणणे सोपे जाते. फोनवर आठवड्याच्या वापराचा जो तक्ता दिसतो, तो स्वतःहून त्यांच्यापुढे ठेव, आकडे फारसे कौतुकाचे नसले तरी. तरीही नकारच आला, तर त्याचे कारण आणि पुन्हा विचार करण्याची तारीख विचार. घरातले दुसरे मोठे माणूस तुझी बाजू समजून घेणारे असेल, तर पुढच्या बोलण्याला त्यांना बसव. तुझा पालकांशी वाद फोनच्या पलीकडचा असेल, घरात तुला भीती वाटत असेल, तर मात्र तो वेगळा विषय आहे आणि त्याबद्दल शाळेतल्या समुपदेशकाशी किंवा विश्वासातल्या मोठ्या माणसाशी आजच बोलावेस.

प्रश्न : मुलीच्या आयफोनवर स्क्रीन टाइमचा पासकोड मी घातला आणि विसरलो. ती लवकरच १८ वर्षांची होईल. तेव्हा सगळे आपोआप निघेल का? — एक पालक

उत्तर : त्या भरवशावर राहू नये. मुलगी आपल्या कुटुंब गटात असेल, तर तिच्या फोनवरचा पासकोड आठवण्याची गरजच नाही : आपल्या स्वतःच्या आयफोनच्या सेटिंगमध्ये कुटुंब विभागात तिचे नाव निवडून स्क्रीन टाइमचा पासकोड बदलता येतो किंवा स्क्रीन टाइम पूर्ण बंद करता येतो. पासकोड थेट तिच्याच फोनवर घातला असेल, तर तो विसरल्याचा पर्याय निवडावा आणि घालताना जे अ‍ॅपल खाते दिले होते त्याची ओळख द्यावी. पूर्ण बंद करण्याआधी काही आठवडे डाउनटाइम, म्हणजे ठरलेल्या वेळी बहुतेक अ‍ॅप बंद ठेवणारी सोय, तेवढी ठेवून नेहमी परवानगी असलेल्या अ‍ॅपची यादी वाढवून पाहिली, तर बदल अंगावर येत नाही. 'आस्क टू बाय' या खरेदीच्या मंजुरीबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी : मुलगी १८ वर्षांची झाल्यावर आपण ती बंद केली, की पुन्हा चालू करता येत नाही. आपले कार्ड गटाला जोडलेले असेल, तर आधी त्याचा विचार करावा.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी मुलाच्या संगतीची काळजी वाटून मी त्याच्या फोनवर त्याला न सांगता एक अ‍ॅप बसवले. त्यात त्याचे निरोप मला वाचता येतात. आता तो १७ वर्षांचा आहे, काळजीचे कारण उरलेले नाही, आणि मला ते काढायचे आहे. त्याला सांगावे का? — नाव न देण्याची विनंती

उत्तर : सांगावे, आणि काढण्याआधी सांगावे. त्याला ते आपल्याकडून न कळता फोन दुरुस्त करणाऱ्याकडून किंवा एखाद्या सुरक्षा-सूचनेतून कळले, तर दोन वर्षांतल्या आपल्या प्रत्येक प्रश्नाचा तो नवा अर्थ लावील. सांगताना कारण सांगावे, पण त्याच्या निरोपांत काय वाचले याचा उल्लेख टाळावा; त्यात त्याच्या मित्रमैत्रिणींच्याही खासगी गोष्टी आहेत आणि त्यांनी तर कोणाचीच परवानगी दिलेली नव्हती. तो रागावेल. त्या रागाला लगेच उत्तर देण्याची घाई करू नये.

काढण्याचे काम इथे इतर अ‍ॅपपेक्षा किचकट असते, कारण अशी अ‍ॅप स्वतःला लपवतात आणि सहज पुसली जात नाहीत. अँड्रॉइडवर सुरक्षेच्या सेटिंगमध्ये डिव्हाइस अ‍ॅडमिन अ‍ॅपची यादी असते. तिथे त्या अ‍ॅपला दिलेला अधिकार आधी काढावा, मग अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी काढावी, आणि त्यानंतर ते अनइन्स्टॉल करावे. अ‍ॅप बसवताना प्ले प्रोटेक्ट, म्हणजे घातक अ‍ॅप शोधणारी गूगलची तपासणी, बंद करायला आणि अनोळखी ठिकाणाहून अ‍ॅप घेण्याची मुभा द्यायला सांगितले गेले असेल, तर प्ले प्रोटेक्ट पुन्हा चालू आणि ती मुभा पुन्हा बंद करावी. हे दोन बदल बहुतेक जण विसरतात आणि फोन कायमचा उघडा राहतो. आयफोनवर सर्वसाधारण सेटिंगमधल्या व्हीपीएन आणि डिव्हाइस मॅनेजमेंट या विभागात एखादे अनोळखी प्रोफाइल, म्हणजे फोनचे नियंत्रण दुसऱ्याकडे देणारी जोडणी, दिसते का, ते पाहून काढावे. तिथे शाळेचे प्रोफाइल असेल, तर त्याला हात लावू नये. ते काढायचे की नाही हे शाळेला विचारावे.

मुलाने आपले सर्व पासवर्ड बदलावेत, परंतु अ‍ॅप पूर्णपणे निघाल्यावरच, कारण काही अ‍ॅप टाइप केलेले प्रत्येक अक्षर टिपतात आणि आधी बदललेला पासवर्डही त्यांच्याकडे जातो. त्यानंतर त्या कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या खात्याने जाऊन, साठवलेले निरोप, छायाचित्रे आणि ठिकाणांच्या नोंदी पुसण्याची लेखी मागणी करावी आणि मग ते खाते बंद करावे. अशा कंपन्यांच्या सर्व्हरवरून मुलांची माहिती फुटण्याचे प्रकार एकाहून अधिक वेळा घडले आहेत, त्यामुळे फोनवरून अ‍ॅप गेले म्हणजे काम झाले असे समजू नये. अ‍ॅप पुसल्याने त्याची वर्गणीही थांबत नाही. ती ज्या खात्यातून किंवा कार्डावरून जाते, तिथे वेगळी रद्द करावी लागते, आणि ती रद्द झाल्याचा ईमेल मुलालाही दाखवावा.